आमच्याकडे असं कुणी करत नाही

जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात सात माणसं होती आणि प्रत्येकाला काही ना काही टोपणनाव होतं. त्यातल्या एकाला सगळे काटकोन म्हणत. कामाच्या बाकापाशी तो इतका ताठ उभा राही, की त्याच्या पाठीला गुण्या लावून बघितला असता तरी केसभर फट दिसली नसती. बाकीचे वाकत, रेलत, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. हा नाही. आठ तास खांबासारखा उभा. संध्याकाळी बायको गरम पाण्याची पिशवी कमरेला लावून देई आणि म्हणे, "अहो, जगाला बसायला खुर्च्या करून देता, तुम्ही स्वतः कधी बसणार?"

कारखान्यात ह्या ताठपणाचं मोठं कौतुक होतं. पण हा ताठपणा काही त्याच्या अंगचा नव्हता. तो त्यानं कमावला होता, आणि का कमावला हे तो कुणाला सांगत नसे. बायकोलाही नाही.

गोष्ट अशी, की अठरा वर्षांपूर्वी तो आपला देश सोडून इथे आला आणि ह्याच कारखान्यात लागला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्या हातात खुर्चीचा एक पाय आला. त्यानं काय करावं? घरी जे करत आला तेच केलं. बूट काढले, मोजे काढले, फरशीवर पोतं अंथरलं, फतकल मारली, लाकूड दोन्ही तळपायांच्या मध्ये धरलं, अंगठ्यानं दाबलं आणि पटाशी चालवायला लागला. त्याच्या आज्यानं असंच केलं होतं, वडिलांनीही असंच. लोखंडी शिकंजा लाकूड नुसतं आवळतो, ते कुठं दुखतंय हे पायालाच कळतं, असं वडिलांचं म्हणणं. पाच मिनिटांनी मान वर केली तर भोवती सगळा कारखाना जमलेला. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो चहाच्या खोलीत, किटलीच्या वर, टाचणीनं लावलेला होता, आणि कुणा हौशी माणसानं पेनानं त्याला एक लांब शेपूट काढलं होतं.

तो फोटो चौदा महिने तिथं होता. चौदा महिने काटकोन त्या किटलीतून चहा ओतून घेत होता आणि वर बघत नव्हता. त्या चौदा महिन्यांत तो उभं राहायला शिकला. मग एके दिवशी खोलीत कुणी नाही असं बघून त्यानं तो फोटो भिंतीवरून उतरवला, बारीक तुकडे केले आणि खिशातून घरी नेऊन टाकले. त्यावेळची माणसं पुढं एकेक करून गेली, नवी आली. आताच्या लोकांनी त्याला बसलेला कधी पाहिलाच नव्हता.

आता नव्या माणसाकडे येऊ.

तो आला एका सोमवारी. पंचेचाळिशीचा असेल. अंगात कुणाचातरी मागून आणलेला कोट, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. महिनाभराच्या कसोटीवर घेतलेला. टिकला तर मालकीणबाई पत्र देणार, पत्र मिळालं तर त्याला इथे राहायची परवानगी, आणि परवानगी मिळाली तर बायको आणि मुलगी मागून येणार. इथली भाषा त्याला "हो", "नाही" आणि "आभारी आहे" एवढीच येत होती, आणि ह्या तिघांतही तो गोंधळ करी.

कपडे बदलायच्या खोलीत काटकोन मोजे बदलत होता. नव्या माणसाची नजर त्याच्या पायांवर गेली. उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला जुना, पिवळट घट्टा, आणि शेजारी पटाशी निसटल्याची पांढरी खूण. नव्या माणसाचा चेहरा असा उजळला, की जणू हरवलेला भाऊ भेटला.

"दादा! आपल्याकडचेच ना तुम्ही? पायच सांगतायत की!"

काटकोनानं घाईघाईनं मोजा वर ओढला आणि इथल्या भाषेत म्हणाला, "उशीर होतोय."

नवा माणूस काही समजला नाही. तो हसला आणि म्हणाला, "आभारी आहे."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मुकादमानं त्याला जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांपैकी एक दिली. तिचे पाय वळणदार होते आणि शिकंज्यात नीट बसत नव्हते. आवळावं तर लाकूड चेपे, सैल सोडावं तर फिरे. नव्या माणसानं दोनदा आवळलं, दोनदा सोडलं. मग जणू हे सुचायला इतका वेळ का लागला असं स्वतःवरच हसत त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, पोतं अंथरलं आणि खाली बसला.

काटकोनाच्या हातातला रंधा थांबला. करवतीचं यंत्र बंद झालं, मग दुसरं बंद झालं. एकेक माणूस गोळा होऊ लागला. कुणीतरी खिशातून मोबाईल काढला.

मुकादम आला. माणूस वाईट नव्हता. यंत्रांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे कानांनी थोडा अधू होता, त्यामुळे त्याच्याशी ओरडून बोलावं लागे. त्यानं खाली बसलेल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं, आणि मग काटकोनाकडे वळला.

"तू तिकडचाच ना? मला सांग, तुमच्याकडे असंच करतात का? तुमची रीत असेल तर मी मालकीणबाईंशी बोलतो. कोपऱ्यात सतरंजी देऊ, पायाला काहीतरी संरक्षण देऊ, बघू. पण हा आपला मनानंच काहीतरी करत असेल तर मला नको. उद्या बोट तुटलं तर माझ्या गळ्याशी येईल."

बघा, किती सोपा प्रश्न होता. "हो" म्हणायचं होतं. एवढंच. पण काटकोनाच्या डोळ्यांपुढे मोबाईल धरलेला तो हात होता आणि त्या हाताच्या मागे किटली, टाचणी आणि शेपूट. बारा दिवसांनी त्याची नागरिकत्वाची मुलाखत होती. आणि सगळे आता त्या खाली बसलेल्या माणसाकडून मान वळवून त्याच्याकडे बघत होते, जणू दोघांना शेजारी ठेवून ताडून पाहत होते.

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे असं कुणी करत नाही. हा अडाणी आहे. पाय कापून घेईल."

"काय?" मुकादमानं कानामागे हात धरला.

मग काटकोनानं तेच पुन्हा, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. अख्ख्या कारखान्याला ऐकू गेलं.

नवा माणूस पटाशी हातात घेऊन खालून वर बघत होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं. आपल्याकडचा माणूस आपल्यासाठी इतक्या मोठ्यानं, दोन-दोनदा बोलतोय हे बघून त्याचे डोळे भरून आले होते. तो मान डोलावत होता.

त्या दिवशी सुट्टीच्या वेळेला त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. हातातली खुर्ची मात्र त्यानं पुरी करून ठेवली होती.

कपडे बदलायच्या खोलीत तो काटकोनाची वाट बघत उभा होता. काटकोनानं मुद्दाम पंधरा मिनिटं उशीर केला, तरी उभा होता.

"दादा, नशीब माझं. पण तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, हे मी विसरणार नाही. परक्या देशात कोण कुणासाठी बोलतं?" असं म्हणून त्यानं पिशवीतून एक निसणा काढला. धार लावायचा दगड, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. "घरून आणलाय. वडिलांचा आहे. आता मला कुठलं सुतारकाम मिळतंय! तुमच्याकडे असू दे, वापरात राहील."

काटकोनाला नको म्हणवेना. दगड हातात आला तेव्हा तो अजून ओला होता.

"आणि एक काम होतं, दादा." नवा माणूस जवळ सरकला. "तुम्ही ते माझ्याबद्दल जे बोललात ना, ते मी ध्यानात ठेवलंय. पुढं कुठं काम मागायला गेलो तर मला चार शब्द बोलता येत नाहीत. तेच म्हणेन. बरोबर आहे का बघा."

आणि त्यानं इथल्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून, काटकोनाच्याच सुरात म्हणून दाखवलं, "आमच्याकडे असं कुणी करत नाही. हा अडाणी आहे. पाय कापून घेईल."

ह्या माणसाला तेव्हा थांबवता आलं असतं. दुसरं काहीही शिकवता आलं असतं. "हा चांगला कारागीर आहे," चार शब्दांचं वाक्य, पाच मिनिटांत पाठ झालं असतं. पण मग तो विचारणार, असं कसं दादा, तुम्ही तर दुसरंच म्हणाला होतात. आणि त्याला काय सांगायचं?

"बरोबर आहे का?" नव्या माणसानं पुन्हा विचारलं.

"बरोबर आहे," काटकोन म्हणाला. आपल्या भाषेत त्याच्याशी बोललेले हे त्याचे पहिले दोन शब्द.

घरी आल्यावर त्यानं निसणा फडक्यात गुंडाळून गॅलरीतल्या खोक्यात तळाशी ठेवला. बायकोनं बघितलंच. तिच्या नजरेतून काय सुटतंय!

"कुणाचा हो हा?"

"आपल्याकडचा एकजण आला होता कामाला. टिकला नाही."

"अरेरे. मग तुम्ही काही बोलला नाहीत का त्याच्यासाठी?"

"बोललो," काटकोन म्हणाला आणि न जेवता उठला.

नागरिकत्व मिळालं. शपथेच्या दिवशी मोठ्या दालनात दीडशे माणसं उभी होती. समोरचे अधिकारी एकेक तुकडा म्हणत आणि सगळे तो त्यांच्या मागून म्हणत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला भाषा येत नव्हती हे उघड होतं. ती आपली डोळे मिटून, जसा आवाज ऐकू येई तसा भक्तिभावानं म्हणत होती. काटकोनानं अर्धीच शपथ म्हटली. पुढं तो नुसता त्या बाईकडे बघत राहिला. सगळ्यांना वाटलं, आनंदानं गहिवरला. कारखान्यात केक आणला होता. मालकीणबाईंनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता तू पुरता आमच्यातला झालास." तो हसला. ह्या वाक्यासाठी तो अठरा वर्षं ताठ उभा राहिला होता, आणि ते आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या माणसाला शोधायला मात्र तो गेला नाही. सुरुवातीला रोज ठरवी, उद्या जाऊ. मग आठवड्याला एकदा ठरवू लागला. पुढं पुढं नुसतं बसमध्ये तसा कोट दिसला की खिडकीकडे तोंड फिरवी.

अशी दोन वर्षं गेली. मग त्या सहा खुर्च्या परत आल्या.

गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं होतं. पाच खुर्च्यांचे सांधे हलायला लागले होते. सहावी अशी घट्ट, की तिच्यावर उभं राहून पंखा पुसला तरी कुरकुरत नाही. सगळ्या हिच्यासारख्या करून द्या, असं त्यांचं म्हणणं. मुकादमानं सहावी उलटी केली, पाय कुठं कसा बसवलाय ते बोट फिरवून बघितलं. ती त्या नव्या माणसानं केलेली. हलणाऱ्या पाचांतल्या तीन काटकोनानं केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काटकोन सगळ्यांच्या आधी तासभर आला. दार लावून घेतलं. बूट काढले, मोजे काढले, पोतं अंथरलं. वीस वर्षांनी खाली बसताना गुडघे असे वाजले की तो स्वतःच दचकला. वळणदार पाय त्यानं तळपायांच्या मध्ये धरला. धरला कसला, नुसता टेकवला. अंगठा वळेना. घट्टा नावापुरताच उरला होता आणि बुटात राहून पाऊल लहान मुलाच्या पावलासारखं मऊ झालं होतं. पटाशी टेकवली की लाकूड घरंगळून जाई. तो सरकत जाऊन ते आणी, पुन्हा धरी, पुन्हा ते जाई. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो धरत होता.

मुकादम कधी आला ते त्याला कळलंच नाही. किल्ली त्याच्याकडेही होती.

"अरे, उठ, उठ," मुकादम म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "हे तुझं काम नाही. तुमच्याकडे असं कुणी करत नाही, तूच सांगितलंस ना." हात देऊन त्यानं काटकोनाला उभं केलं. "त्या माणसालाच शोधून आण. मालकीणबाई ह्या वेळी पत्र देतील, मी बोललोय."

शोधायला एक दुपार पुरली. दोन वर्षं जे जमलं नाही, ते एका दुपारीत झालं. शहराबाहेर भाजीच्या गोदामामागे तो फळ्या ठोकून खोकी करत होता. हातात खिळे मारायचं यंत्र, पायात जाड बूट, उभा. कोट आता स्वतःच्या मापाचा होता.

"भाऊ," काटकोनानं हाक मारली. आपल्या भाषेत, मोठ्यानं, गोदामातल्या दहा माणसांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं.

नव्या माणसानं ओळखलं. यंत्र खाली ठेवलं. काटकोनानं एका दमात सगळं सांगून टाकलं, खुर्च्या, मुकादम, पत्र. मग फडक्यातला निसणा पुढं केला. त्याला वाटत होतं, आता सगळं सरळ होईल.

नव्या माणसानं दगड घेतला आणि त्याच्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला.

"वापरला नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"पत्र मिळालं मला इथं. बायको, मुलगी आल्या गेल्या वर्षी." तो शांतपणे बोलत होता. "पण त्याआधी सात ठिकाणी काम मागितलं, दादा. सातही ठिकाणी तुमचं ते वाक्य म्हटलं. अगदी छाती पुढं काढून. लोक हसायचे. मला वाटायचं, खूश झाले. मुलगी आली, शाळेत गेली, चार महिन्यांत भाषा शिकली. एक दिवस कौतुकानं तिला म्हणून दाखवलं, बघ, तुझ्या बापाबद्दल आपल्याकडचा एक मोठा माणूस काय बोलला होता."

काटकोनानं मान खाली घातली.

"ती आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की मला अर्थ माहीत नाही. मग सांगेचना. दोन दिवस सांगत नव्हती पोर."

गोदामात कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं हात वर करून थांब म्हटलं.

"मुकादमासमोर घाबरलात, ते मी समजू शकतो. मलाही भीती वाटते इथं. पण त्या खोलीत आपण दोघंच होतो ना, दादा? मी विचारलं होतं, बरोबर आहे का." तो थांबला. "आणि एक सांगा. 'आमच्याकडे' म्हणालात, ते कुठलं? तिकडचं म्हणावं, तर तिकडं सगळे तसंच करतात. मग तुमच्या मनात कुठली जागा होती?"

काटकोनाला उत्तर आलं नाही. नव्या माणसानं क्षणभर वाट बघितली, निसणा कोटाच्या खिशात टाकला, यंत्र उचललं आणि पाठ फिरवली. त्याची मोडकी, तरी नीट कळणारी इथली भाषा काटकोनाच्या कानावर आली. तो त्याच्या लोकांना सांगत होता, "काही नाही, पत्ता चुकला होता त्यांचा."

कारखान्यात चहाची वेळ झाली होती. किटली उकळत होती, सगळे होते.

"सापडला का?" मुकादमानं विचारलं.

"सापडला. येणार नाही."

"का? पत्र देतोय ना आपण?"

नाही सापडला म्हणता आलं असतं, त्याला तिकडंच बरं वाटतं म्हणता आलं असतं. जिभेवर दोन्ही तयार होतं. काटकोन किटलीच्या वरच्या भिंतीकडे बघत होता. टाचणीचं बारीक भोक अजून होतं.

"आमच्याकडे असंच करतात," तो म्हणाला. "माझे वडीलही. मीही इथं पहिल्या दिवशी असाच बसलो होतो."

"काय?" मुकादमानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल."

काटकोनानं कप खाली ठेवला आणि तेच पुन्हा, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.